वरच्या पोरीचा खजूर

फेस शहराच्या जुन्या भागात मुलींना नटवून आसनावर बसवणाऱ्या बायका पुष्कळ होऊन गेल्या, पण यामनासारखी खोड कुणाला नव्हती. मुलीच्या पहिल्या रोज्याची संध्याकाळ असायची. अंगण बायकांनी गच्च भरलेलं. आसनावर दहा वर्षांची पोर मुकुट सावरत बसलेली, आईच्या हातात दुधाचा वाडगा, आणि सगळ्यांचे कान रोजा सुटल्याच्या तोफेकडे. अशा ऐन वेळी ही बाई मान वर करून खणखणीत आवाजात विचारायची, "वरच्या पोरीला खजूर पोचला का?"

वर कुणी नसायचं. घरोघरी रेडिओ आल्यावर रोजा सुटल्याची खूण बघायला गच्चीवर कोण चढतंय? तरुण सुना तोंडावर हात धरून हसायच्या. मग एखादी म्हातारी मान वर न करताच सांगायची, "पोचला, मआल्मा, पोचला." हुन्नरात मुरलेल्या बाईला तिथे मआल्मा म्हणतात. ते ऐकल्यावरच यामना वाडग्याला हात लावू द्यायची. तोफ झाली तरी चालेल, पण प्रश्न आधी.

ही खोड लागली त्या दिवशी ती स्वतः दहा वर्षांची होती.

त्या साली रमजान थंडीच्या शेवटाला आला होता. यामनाचा बाप कातडी कमावणाऱ्यांच्या हौदात उतरायचा, त्यामुळे त्याचे पाय गुडघ्यापर्यंत बारमाही पिवळे. आई मन्नाना हाज तैयबच्या मोठ्या घरी कपडे धुवायची, आणि रमजानात कणीक मळायला, मिठाई तळायला बसायची. हाज तैयब चहाचा व्यापारी. त्याच्या घराला दोन दारं होती. एक पितळी मुठींचं, पाहुण्यांचं. दुसरं मागच्या बोळात, स्वयंपाकघराचं. मन्नाना बारा वर्षं त्या घरात येत होती आणि पितळी मुठीला तिने हात लावला होता तो फक्त लिंबाने घासायला.

हाजची मुलगी केन्झाही दहाच वर्षांची. त्या वर्षी दोघी मुलींनी एकदमच ठरवलं की आपण आता मोठ्या झालो, आपण रोजा धरायचा. सव्विसावा रोजा, म्हणजे ज्या संध्याकाळी सत्ताविसावी पवित्र रात्र लागते तो. मुलीने पहिला रोजा पुरा केला की तिला त्या संध्याकाळी नवरीसारखं नटवतात, उंच आसनावर बसवतात, चांदीची अंगठी टाकलेलं दूध आईच्या हातून पाजतात. उपाशी पोटी एक अख्खा दिवस काढला की पोर पोर राहत नाही, असं तिथलं मानणं.

केन्झाच्या घरी तयारी महिनाभर आधीच सुरू झाली. यामनाच्या घरी तयारी करायला काही नव्हतं. होती ती एक खोली, आणि त्या खोलीत आसन ठेवलं असतं तर माणसांना बोळात उभं राहावं लागलं असतं. पण मन्नानाने एक दिवस परातीतली कणीक थोपटता थोपटता धीर केला.

"लल्ला बतूल," ती मालकिणीला म्हणाली, "माझी यामनापण त्याच दिवशी रोजा धरतेय. पाहुण्या गेल्या की घडीभर तिलाही आसनावर टेकवलं तर..."

लल्ला बतूल त्या दिवशी खुशीत होती. तिच्या जाऊबाईच्या मुलीपेक्षा केन्झासाठी ठरवलेला काफ्तान, तो पायघोळ जरीचा झगा, भारी निघाला होता. "टेकव की," ती म्हणाली. "पुण्यच लागेल."

बस, त्या एका 'टेकव की'वर यामनाने आठ दिवस काढले. घरात पिठाचं पोतं होतं, त्याच्यावर ती पाठ ताठ करून बसायची. मान हलू नये म्हणून डोक्यावर वाटी ठेवायची. भट्टीवाल्याला सांगून झालं, पाणक्याला सांगून झालं. गल्लीतून ओझी नेणाऱ्या गाढववाल्याने तर कंटाळून म्हटलं, "पोरी, आता माझ्या गाढवालाही पाठ झालंय. बाजूला हो."

आदल्या संध्याकाळी केन्झाच्या हातापायांवर मेंदी काढली. उरलेली मेंदी मन्नानाने वाटी पुसून घरी आणली, ती यामनाच्या उजव्या तळहाताला पुरली. डावा कोराच राहिला.

"डावा हात मांडीखाली ठेव," आई म्हणाली. "आसनावर बसलेल्या मुलीचे हात कोण मोजतंय?"

रोज्याचा दिवस उजाडला तो ढगाळ. आभाळ नुसतं राखेच्या रंगाचं, सूर्याचा पत्ता नाही. यामना पहाटेचं खाऊन जी उठली ती दिवसभर एका जागी टिकली नाही. मोठ्या घरात मिठाई तळणं चाललं होतं. कढईतून काढलेल्या शबाकिया मधात बुडवायच्या, वर तीळ पसरायचे. तीळ पसरायचं काम यामनाकडे होतं.

"बोटं चाटशील हो चुकून," आई बजावत होती.

"मी बोटं मागे बांधून ठेवू का?"

"मग तीळ काय नाकाने पसरशील?"

दुपारी ती अंगणात गेली तर केन्झा हौदाच्या काठावर आडवी पडून पाण्यात बोट फिरवत होती.

"जीभ दाखव," केन्झा म्हणाली. रोजा धरलेल्या मुलांची ही एकमेकांवरची पहाऱ्याची रीत. ज्याची जीभ पांढरी आणि कोरडी तो खरा.

यामनाने जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली. केन्झाने तिची काढली. दोन्ही खडूसारख्या.

"माझी जास्त पांढरी आहे," यामना म्हणाली.

"तुमच्याकडे रोजच कमी खातात. सवय असते," केन्झा म्हणाली. तिच्या बोलण्यात विष नव्हतं, घरात ऐकलेलं ती बोलत होती. "आणि जरा लांब बस. तुला तुझ्या बापाच्या हौदाचा वास येतो. उपाशीपोटी मळमळतं मला."

यामना दोन हात लांब सरकली. तिथून तिने विचारलं, "मुकुट जड असेल का गं?"

"मी तुला सांगीन," केन्झा म्हणाली.

दुपार कलली तशी फत्तूम आली. त्या काळी फेसमध्ये नवऱ्या सजवणाऱ्यांत फत्तूमचा शब्द शेवटचा. उंच, काळीभोर, छातीतून निघणारा आवाज. ती आसनाशेजारी उभी राहून नवरीचं कौतुक गायला लागली की भांडायला आलेल्या विहिणीही गप्प बसायच्या. तिच्या मागून दोन हमाल रंगीत लाकडी पेटी घेऊन आले. पेटी स्वयंपाकघराजवळच्या खोलीत उघडली, आणि यामनाला वाटलं की त्या खोलीत कुणी दिवा लावला. हिरवा जरीचा छोटा काफ्तान. बोटभर रुंद सोनेरी पट्टा. आणि कापसात गुंडाळलेला, मोत्यांच्या झिरमिळ्या लावलेला, एवढासा मुकुट.

"दारात कोण आहे?" फत्तूमने मागे न बघताच विचारलं.

"मी पण," यामना म्हणाली.

"मी पण काय?"

"मी पण रोजा धरलाय. पाहुण्या गेल्यावर मी पण बसणार आहे. लल्ला बतूलने सांगितलंय."

फत्तूम वळली. "जीभ दाखव."

यामनाने दाखवली. फत्तूमने हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, सोनार नाणं बघतो तशी. "खरी आहे," ती म्हणाली. "ऐक पोरी, हा मुकुट माझ्या आजीचा. आमच्या घराण्याचा एकच नियम. हा फक्त उपाशी डोक्यावर चढतो. काजीची मुलगी असू दे, नाहीतर कुणाची. एकीने एकदा चोरून बदाम खाल्ला होता, तिला मी अर्ध्या शृंगारात खाली उतरवलं. त्या घराने चार वर्षं मला बोलावलं नाही. पाचव्या वर्षी आले, लग्न होतं ना."

"मी बदाम नाही खाल्ला."

"तू बदाम बघितलायस तरी का?" फत्तूम हसली, आणि तिने मुकुट क्षणभर यामनाच्या डोक्यावर अधांतरी धरला, न टेकवता. "मापाला बसेल," ती म्हणाली.

यामना तिथून निघाली ती चालत नव्हतीच. आईपाशी जाऊन तिने सांगितलं, "मापाला बसतो." मन्नाना परात खरवडत राहिली. तिचे डोळे खाली होते. तिच्यामागे लल्ला बतूल उभी होती.

"हे बघ, मन्नाना," लल्ला बतूल बांगड्या चढवता चढवता म्हणाली, "मोठमोठ्या घरांतल्या बायका आज रात्रीच्या नमाजापर्यंत थांबणार आहेत. त्यांच्या पुढ्यात बरं दिसत नाही. आसन पुढच्या वर्षी बघू." मग यामनाकडे वळून, "तुझे डोळे चांगले आहेत. वर गच्चीवर जा, मिनारावर कंदील चढला की हाक मार. आमच्या घरात तोफेची वाट बघत नाहीत. कंदील दिसला की तोंडात खजूर. उशीर करण्यात पुण्य नाही. जा, पळ."

पुढच्या वर्षी. पण पहिला रोजा पुढच्या वर्षी पहिला राहत नाही, एवढं दहा वर्षांच्या मुलीलाही कळतं.

यामना जिना चढली. बावन्न पायऱ्या, अंधाऱ्या, अरुंद. वर आल्यावर वारा लागला तेव्हा तिला समजलं की आपण रडत नाही आहोत. रडायला वेळच नव्हता. तिच्या डोक्यात हिशोब चालू झाला होता. कंदील लवकर चढला तर बायका लवकर खातील. लवकर खाल्लं तर लवकर पेंगतील. पेंगल्या तर कोण बघतंय आसनावर कोण आहे? मुकुट मापाला बसतो. घडीभर तर हवाय.

सगळ्या शहरात शांतता होती, रोजा सोडायचं सार, हरीरा, शिजल्याच्या वासाची शांतता. गच्च्यागच्च्यांवर मुलं मिनाराकडे तोंड करून उभी होती. खाली अंगणातून डफांचा आवाज येत होता, फत्तूमचा आवाज सगळ्यांच्या वर. "बघा, बघा, आमची चांदणी बघा." म्हणजे केन्झा बसली होती. यामनाने डोळे ताणले. मिनाराच्या टोकावर पितळेचे तीन गोळे, त्याच्याखाली कंदिलाची रिकामी काठी. आभाळ राखाडी. दिवस मावळला की नाही ते त्या ढगांत देवाशिवाय कुणाला कळलं नसतं.

आणि तेवढ्यात मिनारावर उजेड पेटला. पिवळा, चकचकीत, डोळ्यांत पाणी आणणारा उजेड.

"दिसला!" यामना जिन्याच्या तोंडाशी वाकून ओरडली. "कंदील दिसला!"

तिचं ओरडणं जिन्यातून खाली घुमत गेलं, आणि खालून बायकांनी जिभा फिरवून लांबलचक यू-यू-यू काढलं. ती उड्या मारत खाली आली. डोळ्यांपुढे एकच गोष्ट: खजूर. पण अंगणाच्या कडेलाच लल्ला बतूलने तिला धरलं आणि हातात हरीऱ्याच्या वाडग्यांचं ताट दिलं. "आधी हे फिरव. सांडू नकोस."

यामना ताट घेऊन बायकांमधून फिरायला लागली. चाळीस बायका खजूर चघळत होत्या, बिया नाजूकपणे मुठीत काढत होत्या. आसनावर केन्झाने दूध पिऊन टाकलं होतं, तिच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली होती, आणि तिने मुकुटाखालून यामनाकडे बघून भुवया उडवल्या, जड आहे म्हणून. यामना पुढे सरकली. ताटातल्या वाफेने तिच्या नाकाला पाणी सुटलं. आणखी सहा वाडगे, मग आईकडे. आणखी चार. आणखी दोन.

तेव्हा मिनारावरून बांग सुरू झाली. आणि बांगेच्या मागोमाग तोफ धडाडली.

अंगणात कुणी हललं नाही. एका बाईची अर्धी खाल्लेली शबाकिया हातात तशीच राहिली, मध तिच्या मनगटावरून बाहीत उतरत गेला. डफवालीचा हात डफावर थबकला.

"आत्ता?" एक म्हातारी म्हणाली. "मग मघाशी काय झालं होतं?"

मघाशी काय झालं होतं ते सगळ्यांना हळूहळू उमगत गेलं. दिवसभर लपलेला सूर्य मावळता मावळता ढगांच्या खालच्या फटीतून डोकावला होता. त्याची तिरीप मिनाराच्या पितळी गोळ्यांवर पडली आणि ते पेटले होते. दिवस शिल्लक होता. चाळीस बायकांनी दिवसाउजेडी खाल्लं होतं. सगळ्यांचा सव्विसावा रोजा गेला होता, तो कधीतरी पुन्हा धरून भरून द्यावा लागणार होता. आणि केन्झाचा तर पहिलाच होता.

"यामना," लल्ला बतूल म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की सगळ्यांना ऐकू गेला. "मुद्दाम केलंस. तुला आसन मिळालं नाही म्हणून माझ्या लेकीचं घालवलंस."

यामनाने ताट घट्ट धरलं. तिला म्हणायचं होतं, नाही. पण गच्चीवर उजेड दिसायच्या आधी तिने मनात किती जोराने म्हटलं होतं, लवकर चढ, लवकर चढ. 

"चामड्यात वाढलेली पोर," कुणीतरी म्हणालं. "तिचं पाणी दुसरं कसं असणार?"

तेव्हा फत्तूम आसनाशेजारून निघाली. ती नुसती चालत आली, पण अंगणाला ते समजलं. बायका आपोआप बाजूला झाल्या.

"पोरी," ती म्हणाली, "जीभ दाखव."

यामनाने जीभ काढली. फत्तूमने तिची हनुवटी धरून चारी बाजूंना फिरवली, सगळ्यांना दिसेल अशी. खडूसारखी जीभ. मध्ये एक भेगसुद्धा पडलेली.

"लल्ला बतूल," फत्तूम म्हणाली, "मी अडाणी बाई आहे, मला एक समजावून सांगा. हिने कट केला असता तर वर जाताना खिशात खजूर नेला असता. हाक मारली असती आणि आधी हिनेच खाल्ला असता. नाही का? मग हिला खजूर दिला कोणी होता? वर पाठवताना?"

एकीने मुठीतल्या बिया पाठीमागे लपवल्या.

"खाली आल्यावर?"

लल्ला बतूलने यामनाच्या हातातल्या ताटाकडे बघितलं, आणि तिने चटकन नजर काढून घेतली.

"म्हणजे," फत्तूम म्हणाली, "या एवढ्या मोठ्या घरात आज कुणाचा रोजा शाबूत असेल तर तो या एकटीचा."

"दोघींचा," मागून आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात मन्नाना उभी होती. कोपरापर्यंत पीठ, आणि पिठाच्या मुठीत एक खजूर. "मी हिच्यासाठी थांबले होते. हिच्याआधी कसं खाऊ?"

पहिली हसली ती मध ओघळलेली बाई. "अकरा बाळंतपणांचे रोजे मी अजून भरतेय," ती म्हणाली, "त्यात आजचा एक. काजीला सांगा, उधारीवर लिहून ठेव." मग दुसरी हसली, आणि चाळीस बायकांच्या छातीवरून दगड उतरला.

फत्तूम मात्र हसली नाही. ती आसनाकडे वळली. "उतर, केन्झा बेटा."

"मी नाही," केन्झा म्हणाली.

"उतर. मुकुट उपाशी डोक्याचा."

लल्ला बतूलने तोंड उघडलं. फत्तूमने तिच्याकडे नुसतं बघितलं. आणखी आठ-दहा वर्षांनी या घरात लग्न निघणार होतं, आणि फेसमध्ये फत्तूम एकच होती. लल्ला बतूलने तोंड मिटलं.

केन्झाचे डोळे भरले. तिचा ओठ पुढे आला. "उद्या मी परत रोजा धरला तर परत बसवशील?"

"मी स्वतः येईन. पेटी घेऊन."

"आणि डफ?"

"डफ मी तोंडाने वाजवीन."

केन्झाने नाक पुसलं आणि पट्ट्याचा आकडा स्वतःच सोडला. "हा पोटाला करकचतोच," ती म्हणाली. खाली उतरताना ती यामनाजवळ थांबली. "मान ताठ धर," ती पुटपुटली. "नाहीतर पुढे घसरतो."

पाच मिनिटांत फत्तूमने यामनाला उभं केलं. काफ्तान घोट्याखाली लोळत होता तो पट्ट्यात खोचून घेतला. मुकुट टेकला तेव्हा यामनाने पोत्यावर आठ दिवस केलेली ताठ पाठ केली, आणि मोत्यांची एकही झिरमिळी हलली नाही. तिने डावा हात मांडीखाली घातला. फत्तूमने तो बाहेर काढला, कोरा तळवा बघितला, आणि उजव्याच्या शेजारी मांडीवर ठेवून दिला. "दोन्ही तुझेच आहेत," ती म्हणाली.

मग ती अंगणाकडे तोंड करून उभी राहिली. "कुणी वाडगा उचलायचा नाही. घरात एक पोर अजून उपाशी आहे. हिची आई कुठे आहे?"

मन्नाना दारातच होती. दार आणि आसन यांच्यामध्ये तो गालिचा होता, जो ती दर वर्षी झटकायची आणि ज्याच्यावर पाहुणे असताना तिने कधी पाय ठेवला नव्हता. तिने पायातल्या सपाता काढल्या. हात झग्याला पुसले, पीठ काही निघालं नाही. मग ती आली. चाळीस बायका बघत असताना मधोमध चालत आली. फत्तूमने दुधाच्या वाडग्यात अंगठी टाकली तिचा टण्ण आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

आईने आधी तो पिठाळलेला खजूर लेकीच्या ओठांना लावला. मग अर्धा स्वतः खाल्ला. मग दूध. संत्र्याच्या फुलांचा वास असलेलं गार दूध यामनाच्या घशातून खाली उतरलं, आणि फत्तूमने छातीतला सगळा आवाज वर फेकला. "बघा, बघा, आमची चांदणी बघा." यू-यू-यू उठलं. पहिल्यांदा एकीचं, मग दोघीतिघींचं, मग सगळ्यांचं. हरीरा तोवर गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी केन्झाने रोजा धरला आणि फत्तूम खरंच आली. त्याच्या पुढच्या गुरुवारी, धुण्याच्या दिवशी, मात्र मन्नानाला कपडे धुवायला बोलावणं आलं नाही, नंतरही कधी आलं नाही. तिला दुसरी घरं मिळाली. यामना फत्तूमकडे जायला लागली. आधी पेटी पुसायला, मग मोती ओवायला, मग पट्टे बांधायला. पंधरा वर्षांनी पेटी तिची झाली. आवाज मात्र फत्तूमचा आला नाही. यामनाचा वेगळा होता, जिन्यातून घुमत येणारा. म्हातारपणी कुणी त्या संध्याकाळचं विचारलं तर ती म्हणायची, "उजेड मला दिसला की मला हवा होता म्हणून दिसला, ते मला अजून कळलेलं नाही. देवाला माहीत. पण भूक खरी होती."

केन्झाचं लग्न तिने सजवलं नाही. ते फत्तूमनेच सजवलं, यामना नुसती सुया देत होती, आणि दोघी एकमेकींशी आवश्यक तेवढंच बोलल्या. मग पुष्कळ वर्षं नाहीच.

एका रमजानात निरोप आला. केन्झाची धाकटी मुलगी सलवा पहिला रोजा धरतेय, मआल्मा यामनाने यावं. नवं घर, नव्या शहरात, लिफ्टचं. यामना पेटी घेऊन गेली. सलवाला नटवलं, आसनावर बसवलं. बायका जमल्या, टीव्हीवर घड्याळ चालू होतं. तिने मान वर केली, नेहमीचं विचारायला, आणि तिच्या लक्षात आलं की दूध पाजायला मुलीची आईच तिथे नाही.

"केन्झा कुठे आहे?"

"आई गच्चीवर गेलीये, मुठीत खजूर घेऊन," सलवा म्हणाली. "म्हणाली, आज कंदील ती बघणार."

"इथून मिनार दिसतो तरी का?"

"लांबून दिसतो म्हणे."

टीव्हीवर बांग झाली. कुठेतरी तोफ झाली. बायकांनी खजूर उचलले आणि यामनाकडे बघितलं. यामनाने हाताने थांबवलं. वरून हाक आली नव्हती. एक मिनिट गेलं, दोन गेली. सलवा आसनावर चुळबुळायला लागली. "मआल्मा, बांग झाली, खरंच झाली."

"झाली असेल. मान ताठ धर."

आणि मग जिन्यातून, सहा मजल्यांवरून, पन्नाशीला टेकलेल्या बाईचा धापा टाकणारा आवाज घुमत आला. तिने तीन-तीनदा खात्री करून घेतली असावी. "दिसला! नक्की दिसला. कंदीलच आहे."

यामना जिन्याच्या तोंडाशी गेली. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"केन्झा," तिने वर हाक दिली, "आधी तुझा खजूर खा. मग खाली ये."